विषय: भाचीला जर्मनीत आर्किटेक्चर इंटर्नशिप

[स्टुटगार्टहून]
सप्रेम नमस्कार मंडळी,
भाची पुण्यात बी.आर्क.च्या चौथ्या वर्षाला आहे. मे-जूनचे दोन महिने जर्मनीतल्या एखाद्या ऑफिसात काम करायचं म्हणते. शोधायचं कुठे? आणि व्हिसाचं काय?

[म्युनिकहून]
ताई,
आधी ते 'दोन महिने' सोडून द्यायला सांगा. ऑफिसचं सॉफ्टवेअर (बऱ्याच ठिकाणी आर्किकॅड, व्हेक्टरवर्क्स किंवा ऑलप्लान) आणि त्यांची ड्रॉइंगची पद्धत अंगवळणी पडायलाच तीन-चार आठवडे जातात. म्हणून जाहिरातींत बहुधा सहा महिने मागतात. बी.आर्क.मध्ये प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं एक सेमिस्टर असतंच, साधारण १६ कामाचे आठवडे. तेच इकडे करावं आणि लागून येणारी सुट्टी त्याला जोडावी. परदेशातलं ऑफिस चालेल, हे मात्र कॉलेजकडून आधी लेखी घ्या.

त्या पत्रात 'अभ्यासक्रमानुसार अनिवार्य' हे शब्द आणि कालावधी हवाच. अनिवार्य इंटर्नशिपला, म्हणजे फ्लिश्टप्राक्टिकुमला, इथला किमान वेतनाचा कायदा लागत नाही. स्वेच्छेची असेल तर सूट फक्त तीन महिन्यांपर्यंत. त्याहून लांबली की पहिल्या दिवसापासून पूर्ण किमान वेतन. पत्र नसलं की छोटी ऑफिसं इथेच मागे सरतात.

जाहिराती बाउनेट्स आणि काँपिटिशनलाइन या आर्किटेक्चरच्या वेबसाइटवर पाहा. मेलच्या विषयातच सुरुवातीची तारीख आणि महिने लिहावेत. एक पानी पत्र, सीव्ही आणि पोर्टफोलिओ अशी एकच पीडीएफ जोडावी. १२-१५ आडवी पानं, ५ एमबीच्या आत. ड्राइव्हची लिंक नको, परवानगी मागणारं पान दिसलं की कोणी पुढे जात नाही.

पोर्टफोलिओ मागे पडतो तो नुसत्या रेंडरमुळे (कॉम्प्युटरवर केलेल्या देखाव्याच्या चित्रांमुळे). प्लॅन, सेक्शन, स्केल बार आणि नॉर्थ हवेतच. भिंतीचा १:२० चा एक सेक्शन जरूर घालावा आणि त्यात थर्मल इन्सुलेशनचा थर दाखवावा. आपल्याकडच्या शीटवर तो सहसा नसतो, इथे मात्र नजर आधी तिथेच जाते. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर स्वतः काय काढलं ते एका ओळीत लिहावं. हातानं केलेल्या मॉडेलचे फोटो असतील तर अगदी पुढे ठेवा. डिझाइन स्पर्धांमध्ये भाग घेणाऱ्या ऑफिसांना मॉडेल करणारे हात हवेच असतात.

[फ्रँकफर्टहून]
व्हिसाचं मी सांगतो. टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा करायचं नाही. परदेशी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला विषयाशी संबंधित इंटर्नशिप चौथ्या सेमिस्टरनंतर, जास्तीत जास्त एक वर्ष करता येते. त्याला इथल्या रोजगार संस्थेची (झेडएव्ही) संमती लागते. म्हणून क्रम असा: आधी ऑफिसशी करार, मग ऑफिसनं भरलेला फॉर्म आणि कॉलेजचं पत्र झेडएव्हीकडे, संमती आली की मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे अर्ज. ९० दिवसांहून जास्त राहायचं तर नॅशनल व्हिसा, फी ७५ युरो. अपॉइंटमेंटला वेळ लागतो, तेव्हा ऑफिसांना अर्ज निदान सहा-सात महिने आधी जायला हवेत.

मानधन कमी असेल तर ताई, तुम्ही परदेशी नागरिक कार्यालयात तिच्या खर्चाचं हमीपत्र देऊ शकता. पण नीट वाचून सही करा. तिच्यावर सरकारी मदतीचा खर्च झालाच, तर तो तुमच्याकडून वसूल होतो.

[स्टुटगार्टहून]
दोघांचे आभार. तिला जर्मन ए२ पर्यंतच (म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पातळीपर्यंत) येतं. चालेल का?

[म्युनिकहून]
टीमवर आहे. इथे प्रकल्पाचे नऊ टप्पे मानतात. पहिल्या तीनमध्ये, म्हणजे डिझाइनमध्ये, आणि स्पर्धेच्या टीममध्ये इंग्रजीवर निभतं. पाचव्यात, १:५० च्या वर्किंग ड्रॉइंगमध्ये, नोंदी जर्मनमध्येच असतात. तिथे बी१, म्हणजे त्याच्या पुढची पातळी, तरी हवं. अर्जात 'स्पर्धा किंवा डिझाइन टीम' असं स्पष्ट लिहावं. आणि मापांची पद्धत आत्ताच बघून ठेवू दे: इथे मीटरच्या आतलं माप सेंटिमीटरमध्ये, त्यावरचं मीटरमध्ये, आणि मिलिमीटर आकड्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात. सगळंच मिलिमीटरमध्ये लिहायच्या सवयीनं पहिल्या आठवड्यात चुका होतात.