मॅगपायचा शकुन-अपशकुन, मदत हवी आहे

मी इंग्लंडमध्ये राहतो, इथे मॅगपाय म्हणून काळापांढरा, लांब शेपटीचा पक्षी आहे, एकटा दिसला की अपशकुन, दोन दिसले की आनंद, तीन म्हणजे मुलगी न् चार म्हणजे मुलगा!! आमच्या शेजारच्या आजी तर एकटा दिसला की हातातली पिशवी खाली ठेवून त्याला सॅल्यूट मारतात आणि बायको कशी आहे म्हणून विचारतात, म्हणजे जोडी असल्यासारखं होतं म्हणे 😄 कोरियात मात्र उलटंच, सकाळी मॅगपाय ओरडला की पाहुणा नाहीतर चांगली बातमी येणार, अगदी आपल्या कावळ्यासारखं. तर आपल्याकडचा टकाचोर (लांब शेपटीचा तपकिरी पक्षी) हाही मॅगपायसारखाच कावळ्याच्या कुळातला ना, भारद्वाज दिसला की शुभ हे माहितीये पण टकाचोराबद्दल तुमच्या गावाकडे काय म्हणतात? आज्जी-आजोबांना विचारून सांगा प्लीज, मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी पाहिजे.