मातेरानंतरचा एक दिवस

दक्षिण इटलीतलं मातेरा शहर पाहून उरलेला दिवस कुठे घालवावा, असं विचारलंत म्हणून ही भर. त्याच बाझिलिकाता प्रांतातल्या 'ल्युकेनियन डोलोमाइट्स' या डोंगररांगेत जा. नावावर जाऊ नका. उत्तर इटलीतल्या डोलोमाइट्स पर्वतांशी साम्य दिसण्यापुरतंच, हे सुळके वालुकाश्माचे. कास्तेलमेझ्झानो आणि पिएत्रापेर्तोसा ही मध्ययुगीन गावं दरीच्या दोन बाजूंना कातळाला बिलगून आहेत. मधे झिपलाइन आहे, ताशी १०० किमीहून जास्त वेगाची. हौस असेल तर करा, पण माझं मत दोन्ही गावांना जोडणाऱ्या 'सात दगडांच्या वाटे' या पायवाटेला. अंतर जेमतेम २ किमी, मात्र दरीत उतरून पुन्हा चढायचंय (गुडघ्यांना आधी विचारा!). पिएत्रापेर्तोसात अराबाता ही अरबांच्या काळातली आळी आणि वरचा किल्ला चुकवू नका. सह्याद्रीतले गड चढलेल्यांना कातळात खोदलेल्या पायऱ्या ओळखीच्याच वाटतील.