मदत हवी आहे: गिटारवर १०चा संच चढवल्यापासून बझ (तारांची खरखर), शिवाय जी आणि डी तारा सुरात टिकत नाहीत

नमस्कार मंडळी. फोंड्याहून लिहितोय. इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची आहे: सहा स्क्रूंचा तरंगता ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज, म्हणजे तारांचा बॉडीवरचा आधार), मागे ३ स्प्रिंगा. ९-४२चा संच काढून जाड तारांचा १०-४६ लावला (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेचे, इंचाच्या हजारांशांत), ट्युनिंग स्टँडर्डच. ब्रिज मागून उचलला गेला आणि तारा उंच झाल्या. म्हणून सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) खाली घेतल्या आणि ट्रस रॉड (मानेतली सळई, तिने मानेचा बाक बदलतो) अर्धा फेरा आवळला.

आता जाड ई आणि ए वर पहिल्या पाच फ्रेटांत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बझ येतो, अँपमधूनही ऐकू येतो. मोकळी तारसुद्धा खरखरते. बाराव्याच्या पुढे स्वच्छ. जी बेंड केली (दाबून बाजूला ओढली) की उतरते. ट्रेमोलो दाबून सोडला की डी चढते. पेग (तार ताणायची खुंटी) फिरवताना नटपाशी (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) 'टिक्' आवाज येतो. पेग बदलू का? चतुर्थीच्या आधी वाजती व्हायला हवी.

प्रतिसाद १
लॉकिंग (तार पकडून ठेवणारे) पेग लावा, ट्युनिंगचा प्रश्न सुटेल.

प्रतिसाद २
पेगवर पैसे घालू नका. पेग घसरला तर सूर फक्त उतरतो. इथे एक तार उतरते, दुसरी चढते. म्हणजे तार नटमध्ये अडकते. बेंड करताना नटपलीकडची तार वाजत्या भागात ओढली जाते आणि परत जात नाही, म्हणून जी उतरते. ट्रेमोलो दाबल्यावर उलटं घडतं, म्हणून डी चढते. खात्री करायची तर जी बेंड करून सोडा, मग नट आणि पेग यांच्यामधली तार बोटाने दाबा. सूर जागेवर आला तर दोष नटचा.

कारणही साधं आहे. ९च्या संचात डी ०.०२४ इंचाची, १०च्या संचात ०.०२६. जाड ई ४२वरून ४६वर गेली. खाच तेवढीच राहिली. जुन्या तारेच्या तुकड्यावर ६००चा पॉलिश पेपर गुंडाळा आणि खाचेच्या फक्त बाजू घासा. तळाला हात लावू नका. तळ खाली गेला की मोकळ्या तारेचा बझ कायमचा. मग मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत भरा. पेगवर दोन-तीनच वेढे, एकावर एक चढू न देता.

बझ मात्र ट्रस रॉडमुळे आहे. ब्रिज उचलला गेला तो स्प्रिंगांचा ताण कमी पडल्यामुळे, आणि तुम्ही औषध दिलंत मानेला. क्रम असा ठेवा:

पहिला ब्रिज. मागचं झाकण काढून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा, पुन्हा सुरात आणा, बघा. ब्रिजची मागची कड बॉडीपासून साधारण ३ मिमी वर राहीपर्यंत हेच करत राहा. स्क्रू पुरले नाहीत तर चौथी स्प्रिंग.

मग मान. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्यापाशी फट मोजा. ०.२५ मिमी हवी. तुमच्याकडे बहुधा शून्य निघेल, मान उलटी वाकलेली असेल. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) दुचाकीच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतो, गिटारचं दुकान शोधत पणजीला जायला नको. रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा, सुरात आणा, रात्रभर ठेवा, पुन्हा मोजा. पावसाळ्यात लाकूड कुठल्या बाजूला वळेल ते सांगता येत नाही, त्यामुळे अंदाजाने फिरवू नका.

त्यानंतर सॅडल. सतराव्या फ्रेटवर तारेखाली १.६ मिमी फट ठेवा. शेवटी इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं): बाराव्यावर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) चढा असला तर सॅडल मागे, उतरा असला तर पुढे.

सॅडलचे स्क्रू आपल्या खाऱ्या हवेत गंजतात. पाना १.५ मिमीचा की ०.०५० इंची, ते आधी बघा. चुकीच्या पान्याने डोकं झिजलं तर स्क्रू निघणारच नाही. अडला तर तेलाचा थेंब टाकून तासभर थांबा.

धागाकर्ता
फट खरोखरच शून्य होती. दोन दिवसांत दोनदा पाव फेरा सैल केला, आता ०.२५. ब्रिज ३ मिमीवर. पहिल्या पाच फ्रेटांतला बझ गेला, 'टिक्'सुद्धा गेलं. देव बरें करूं! एक गोष्ट उरली: जाड ई बाराव्याच्या पुढे वाजवली की सूर लहरतो, जणू दोन सूर एकत्र. ट्यूनरची सुईही स्थिर राहत नाही. इंटोनेशन जुळतच नाही.

प्रतिसाद ३
तिथे तार फ्रेटला लागत नाही, मानेजवळच्या पिकअपचं (तारांखालचा, आवाज टिपणारा भाग) चुंबक तिला ओढतंय. तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि पिकअपच्या खांबापर्यंतचं अंतर मोजा. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपला जाड ई खाली निदान २ मिमी, बारीक ई खाली १.६. तरीही लहरत असेल तर पिकअप ३ मिमीपर्यंत खाली न्या. आवाज जरा कमी होईल, तो अँपवर वाढवा. इंटोनेशन त्यानंतर जुळवा, आधी नाही.
आणि एकाच फ्रेटवर बझ येत असेल तर जुनं बँक कार्ड तीन फ्रेटांवर आडवं धरा. डुललं तर मधला फ्रेट उंच आहे. तो घासून समतल करणं घरी करू नका, माहीतगाराकडेच द्या.