परड्यातील लाल मुंग्यांवर घरगुती उपाय हवा आहे (विहीर आणि कोंबड्या जवळ आहेत)

नमस्कार. आमचे घर खानापूर तालुक्यात असून मागच्या परड्यात भेंडी, चवळीचे वेल, थोड्या केळी आणि कडेला कोंबड्यांचे खुराडे आहे. पावसाने उघडीप दिली की न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाटाकडेला लाल मुंग्या भुसभुशीत मातीचे ढीग उभारतात. ढिगाला वरून भोक दिसत नाही, परंतु खुरप्याचे टोक लागताच त्या शेकड्यांनी वर येतात, दांड्यावरून हातावर चढतात आणि जबड्याने कातडी धरून मागच्या टोकाने नांगी मारतात. अंगाची आग होते आणि दुसऱ्या दिवशी तिथे पुळी उठते. पेरलेले बीही त्या ओढून नेतात.

सासूबाईंच्या सांगण्यावरून राख आणि हळद टाकली. मुंग्या गेल्या, पण केळीच्या बुंध्याशी नवा ढीग दिसू लागला. रवा टाकावा, तो पोटात फुगून मुंग्या मरतात, असे शेजारी सांगतात. रॉकेल ओतण्याचा सल्लाही मिळाला, मात्र विहीर जवळ असल्याने तो मला मान्य नाही. मुंग्यांच्या खडूची रेघ उंबऱ्याशी ठीक आहे. दवाने भिजलेल्या मातीवर ती टिकणार कशी, शिवाय त्यातही कीटकनाशकच असते.

उकळत्या पाण्याने राणी मरते का? बोरिक ॲसिडचे आमिष घरी करायचे झाल्यास प्रमाण किती घ्यावे, आणि घरात रांगते मूल असताना ते कसे ठेवावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

ताई, आधी एक खात्री करून घ्यावी. आंब्या-काजूच्या झाडावर पाने जोडून घर करणाऱ्या लालसर मुंग्या वेगळ्या. त्या झाडावरील किडी खातात, त्यांना हात लावू नये. आपण वर्णन केलेल्या मुंग्या मात्र जमिनीतल्याच आहेत.

रव्याची समजूत निराधार आहे. कामकरी मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. ती ते अळ्यांना भरवते आणि अळ्यांनी पचवलेला रस स्वतः घेते. म्हणजे रवा टाकून आपण त्यांची बेगमीच करून देतो.

उकळते पाणी उपयोगी आहे, पण हमखास नाही. अमेरिकेत अशाच मुंग्यांच्या ढिगांवर प्रत्येकी सुमारे ११ लिटर पाणी ओतले असता साधारण ६० टक्के ढीग नष्ट होतात, असे तेथील कृषी विस्तार विभाग सांगतात. थंडीच्या दिवसांत सकाळी ऊन पडल्यावर मुंग्या अळ्यांसह ढिगाच्या वरच्या भागात येतात, तेव्हा ढीग न उकरता पाणी ओतावे. केळीच्या बुंध्याशी हा प्रयोग नको, मुळे भाजतील.

तेथे आमिषच ठेवावे. १ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम बोरिक ॲसिड पूर्ण विरघळवून त्यात कापूस भिजवावा. औषध जास्त घालण्याचा मोह टाळावा, कारण विष तीव्र झाले तर कामकरी मुंग्या वाटेतच मरतात आणि राणीपर्यंत काहीच पोहोचत नाही. या मुंग्यांना तेलकट पदार्थही प्रिय असतात, त्यामुळे ढिगाजवळ एका पानावर गूळ आणि दुसऱ्यावर शेंगदाण्याचा कूट ठेवून त्या कशाकडे वळतात ते पाहावे. कुटाकडे वळल्या तर त्याच एक टक्का प्रमाणात कुटात मिसळावे. आमिष घट्ट झाकणाच्या डब्यात घालून त्याला मुंगी जाईल एवढीच भोके पाडावीत, वर दगड ठेवावा आणि डबा मुलाच्या व कोंबड्यांच्या आवाक्याबाहेर, ढिगाच्या वाटेवर ठेवावा. त्या काळात आसपास राख-हळद टाकू नये, नाहीतर मुंग्या डब्याकडे फिरकणारच नाहीत. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

नांगी लागल्यावर धाप लागली किंवा चेहरा सुजला, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा.

प्रश्नकर्ती

आभारी आहे, दादा. बोरिक ॲसिडऐवजी घरातली कॅरमची पावडर चालेल का? आणि चवळीच्या शेंड्यावर मावा आहे, तेथेही याच मुंग्यांची रांग असते.

उत्तर

कॅरमची पावडर बऱ्याचदा बोरिक ॲसिडचीच असते, परंतु डब्यावर तसे लिहिलेले नसेल तर औषधाच्या दुकानातूनच घ्यावे. माव्याचा गोड चिकटा हे मुंग्यांचे अन्न आहे आणि त्या बदल्यात त्या माव्याची राखण करतात. म्हणून आधी शेंड्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारून मावा पाडावा आणि जास्त भरलेले शेंडे खुडून टाकावेत.