अंडर-१४ पोरांचा स्टॅमिना मोजायचा कसा? कूपर का यो-यो?

अमळनेरचा_कोच
भाऊ लोक, एक विचारायचं होतं. शाळेच्या ग्राउंडवर अंडर-१४ च्या पोरांना फुटबॉल खेळवतो, जास्त करून आजूबाजूच्या खेड्यातली आहेत. आतापर्यंत आपली साधी १२ मिनिटांची कूपर टेस्ट घेत आलो, ग्राउंडला चकरा मारायच्या आणि किती मीटर झालं ते वहीत लिहायचं. पण आकडे काही पटत नाहीत. माझा मिडफिल्डर मॅचमध्ये शेवटच्या मिनिटापर्यंत बॉल मागत फिरतो, तो टेस्टमध्ये खालून तिसरा, आणि जो पहिला आला तो हाफटाइमच्या आधीच कमरेवर हात ठेवून उभा. पहिली चक्कर सगळे पिसाळल्यासारखे पळतात आणि चौथ्या चकरेला अर्धे चालतात. आता तालुक्याच्या मॅचेससाठी टीम निवडायचीय, शाळेवाले म्हणता आकडे दाखवा. खर्च जमणार नाही, मोबाईल, ब्लूटूथ स्पीकर आणि कोन आहेत एवढंच. काय घेऊ?

यो_यो_वाला
कूपर सोड भो. ती १९६८ ला अमेरिकन हवाई दलाच्या मोठ्या माणसांसाठी निघाली, एका लयीत १२ मिनिटं पळायचं. १३ वर्षांच्या पोराला स्पीड सांभाळून पळणं जमतच नाही, म्हणून तुझी पोरं चौथ्या चकरेला चालतात, त्यात स्टॅमिनाचा दोष कमी. आणि फुटबॉलमध्ये एका लयीत पळतं कोण? पळ, थांब, वळ, परत पळ, असंच असतं.

यो-यो घे, इंटरमिटंट रिकव्हरी लेव्हल १. डेन्मार्कच्या बँग्सबोने फुटबॉलसाठीच बनवली. २० मीटर जायचं, २० मीटर यायचं, मग १० सेकंद रिकव्हरी, त्यात मागच्या ५ मीटरच्या पट्ट्यात हळू जॉग करत जाऊन यायचं. स्पीड ऑडिओतला बीप ठरवतो, ताशी १० किमीपासून सुरू होऊन वाढत जातो, त्यामुळे पहिल्या चकरेत कोणी हिरोगिरी करूच शकत नाही. पहिल्यांदा बीप चुकला तर वॉर्निंग, दुसऱ्यांदा बाहेर. २० मीटर टेपने मोज, पावलांनी नको, आणि कोनच्या भरवशावर न राहता फक्कीची लाईन मार, पोरं कोनच्या अलीकडूनच वळतात, पाय लाईनवर पडला का हे बघायला दोन्ही टोकांना एकेक माणूस लागतो. क्रिकेटवाल्यांचा पास व्हायचा १६.१ आकडा ऐकलाच असशील, २०१८ ला रायुडू ज्याच्यात अडकला आणि इंग्लंडला गेला नाही, ती हीच टेस्ट. १६.१ म्हणजे ११२० मीटर. पण तो आकडा पोरांना लावू नको, तो मोठ्या माणसांचा आहे.

पीटी_सर_धुळे
या सगळ्या झंझटीची काय गरज? बॉल द्या, छोट्या ग्राउंडवर चार विरुद्ध चार लावा आणि बघत बसा, कोण दमला ते डोळ्याला दिसतं. आम्ही कधी बीप लावले नाहीत, पोरं तरी डिव्हिजनला गेली.

यो_यो_वाला
सर, डोळ्याला दिसतं हे मान्य, पण शाळेवाल्यांना डोळे कसे दाखवणार तो? आणि चार-चारमध्ये हुशार पोरगा कमी पळून भागवतो, मग तो दमला नाही का पळालाच नाही, कळणार कसं?

वाढीचं_वय
दोघांचं बरोबर, पण मुद्दा बाजूलाच राहिला. अंडर-१४ च्या गटात एकाला मिशी फुटलेली असते आणि दुसरा अजून पाचवीतला वाटतो. मुलांची उंची सगळ्यात झपाट्याने साधारण १४ च्या आसपास वाढते, कोणाची बारालाच, कोणाची सोळाला. लवकर वाढलेल्याचे पाय लांब, ताकद जास्त, साहजिक तो यो-योत वर येणार, त्यात ट्रेनिंगची कमाई किती आणि वयाची किती हे एका टेस्टवरून सांगता येत नाही. तो खालून तिसरा मिडफिल्डर उंचीने लहान आहे का? असेल तर एका आकड्यावर त्याला बाहेर बसवणं म्हणजे अन्याय.

म्हणून प्रत्येकाची उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी लिही, त्याच्याच पुढे यो-योचे मीटर. पोराची तुलना त्याच्या मागच्या आकड्याशी कर, शेजारच्याशी नको. आणि मीटरवरून व्हीओटूमॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं तो आकडा) काढायचं फॉर्म्युलं नेटवर मिळतं, त्याच्या नादी लागू नको, पोरांना ते नीट बसत नाही, मीटरच ठेव.

नंदुरबारी
एक महत्त्वाचं कोणी बोललंच नाही. चोपडा, यावल, आमचा अक्कलकुवा, धडगाव, सातपुड्याच्या पट्ट्यातली पोरं टीममध्ये असतील तर आधी सिकलसेलची (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी झालीय का विचार. सरकारी मोहिमेत कार्डं मिळालीत बऱ्याच जणांना. नुसता वाहक असेल, म्हणजे दोष अंगात आहे पण आजार नाही, तर पोरगा आरामात खेळू शकतो, खेळू द्यायचंच, पण उन्हात, पाणी न पिता, पार दमेपर्यंत पळवणं त्याला धोक्याचं असतं. ज्याला आजारच आहे त्याची असली टेस्ट डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. टेस्टमध्ये पोरगा पाय एकदम जड झाले किंवा दुखतात म्हणाला तर "नाटक करतो" म्हणून ओरडू नका, तिथेच थांबवा, सावलीत न्या, पाणी द्या, आणि लगेच बरं वाटलं नाही तर थेट दवाखाना.

आणि ऊन तर सगळ्यांनाच. मार्चनंतर आपल्याकडे सकाळी दहालाही अशी टेस्ट घेऊ नये.

अमळनेरचा_कोच
मिडफिल्डर लहानखोराच आहे, बरोबर ओळखलं. दोन पोरं सातपुड्याकडची आहेत, कार्डाचं उद्याच विचारतो. आमचं ग्राउंड काळ्या मातीचं आहे, पावसानंतर भेगा पडतात, वळताना पाय मुरगळायची भीती वाटते. चालेल का?

वाढीचं_वय
भेगांवर नको. मुरमाचा पट्टा बघ, नाहीतर भेगा बुजवून पाणी मारून एकदा रोलर फिरव. दरवेळी तीच जागा, तीच वेळ, तेच बूट, नाहीतर डिसेंबरचा आकडा आणि जूनचा आकडा जुळवून काही उपयोग नाही. थंडीत घेणार असशील तर आदल्या रात्री कोणाच्या शेतात भरीत पार्टी नाही ना एवढं बघ, हे मी गमतीने नाही सांगत. निवडीला यो-योला फार तर चौथा हिस्सा वजन दे, बाकी मॅच. शाळेवाल्यांना तक्ता दाखव, त्यांना कागद पाहिजे असतो.

यो_यो_वाला
ऑडिओ डाउनलोड करताना लेव्हल १ च घे बरं का. लेव्हल २ थेट १३ किमीने सुरू होते, तुझी अर्धी पोरं बघता बघता बाहेर बसतील.