मदत हवी आहे: सगळ्यांना आवडलेला सिनेमा मला आवडला नाही, काय लिहू?

लातूरकर_एक: तातडीचं आहे. आमच्या ग्रुपात दर महिन्याला एक सिनेमा बघतो, मग एकजण त्यावर लिहितो. यावेळी माझी पाळी. सिनेमा संपल्याबरोबर सर बोलले, 'अंतर्मुख करणारा'. मग बाकीचेही एकामागून एक अंतर्मुख झाले. मला जांभया येत होत्या. खरं लिहू का गुमान चार चांगल्या ओळी खरडू? रविवारी द्यायचंय.

मांजराकाठ: कोणता सिनेमा? सर कोण? छापून येणार का व्हॉट्सॲपवर? काहीच न सांगता काय कप्पाळ सांगणार?

चिवड्याची_पुडी: रॉटन टोमॅटोजवर, त्या सिनेमा-परीक्षणांच्या वेबसाइटवर, किती टक्के आहे ते बघा. ९० च्या वर असेल तर चूक तुमचीच.

गोदाकाठचा_मास्तर: पुडी, ते मार्क नाहीत हो. शंभरातल्या किती समीक्षकांचं मत एकूण बरं पडलं, तेवढंच ते. सगळ्यांनी 'ठीकठाक' म्हटलं तरी आकडा शंभर होईल.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांचा १९५१ चा रेघांचा प्रयोग वाचा. दाखवलेल्या रेघेएवढी रेघ कोणती, ते सगळ्यांसमोर सांगायचं. खोलीतले बाकी सगळे शिकवून ठेवलेले, मुद्दाम चुकीची रेघ सांगायचे. रेघ धडधडीत दिसत असूनही एकटा खरा माणूस साधारण तीनातल्या एका वेळी त्यांच्या मागं जायचा. पण दुसऱ्या कुणी एकानं बरोबर सांगितलं, किंवा उत्तर गुपचूप कागदावर लिहू दिलं, की हे बरंच कमी व्हायचं. म्हणून चर्चेआधी चिठ्ठ्या घ्या. सरांनी शेवटी बोलावं.

बालाघाटी: प्रयोग कशाला? शोले १९७५ ला आला तेव्हा समीक्षकांनी झोडपलाच होता. पब्लिकनं डोक्यावर घेतला. समीक्षकांचं ऐकायचंच कामून?

मांजराकाठ: पब्लिकचाबी कळपच असतो की. शेजारचा शिट्टी मारतो म्हणून आपण मारतो.

बालाघाटी: शिट्टी मनातून येती. तुम्ही कधी थेटरात गेलात का? आमच्या गावचं पाडून मंगल कार्यालय केलं, तिथं आता रोज नुसती बासुंदी.

परभणीची_पोरगी: मोबाइलवर मराठी टायपिंगला कोणता कीबोर्ड चांगला?

लातूरकर_एक: अहो, विषय काय, चाललंय काय! छापून येणारंय, अंकात. शॉर्टफिल्म आहे. डायरेक्टर सरांचाच भाचा.

मांजराकाठ: हे आधी सांगायचं की हो! आणि तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही काय बोललात?

लातूरकर_एक: 'कॅमेरा छान आहे.'

चिवड्याची_पुडी: 😂😂

गोदाकाठचा_मास्तर: हसू नका, मीबी हेच बोललो असतो. भाच्याला नावं ठेवू नका. जांभई नेमकी कोणत्या सीनला आली ते लिहा.

लातूरकर_एक: विहिरीच्या. बाई रहाटानं पाणी ओढते, एकच शॉट, ११ मिनिटं. घड्याळच बघितलं होतं मी. पहिल्या घागरीला खरंच चांगलं वाटलं, दोर हाताला कसा काचतो ते दिसतं. चौथ्या घागरीला मी बाईकडं नाही, दोराकडं बघत होतो, तुटतो का म्हणून.

मांजराकाठ: झालं की मग लिहून. हेच द्या.

परभणीची_पोरगी: कीबोर्डचं कुणीच सांगितलं नाही.