आवडत्या गायकासारखं गाताना : आपापली रीत सांगा

कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळचे, भीमसेन गदगचे. आपल्याकडे गळा फिरायला लागला की यांच्यापैकी कुणीतरी त्यात शिरतंच. तुम्ही नेमकं काय उचलता, कसं बसवता, कुठं बिघडतं? आठवणी नकोत, रीत लिहा.

टिळकवाडी : आधी स्वतःची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम भरीव लागतो आणि तार (वरच्या सप्तकातला) मध्यम न ओरडता येतो, असा षड्ज (सा) धरा. बहुतेक पुरुषांचं पेटीवरच्या पांढरी एक ते काळी दोनमध्ये भागतं. गायकाच्या पट्टीत ओढून गायलं की जबडा आवळतो. मग ध्वनिमुद्रणातला १०-१५ सेकंदांचाच तुकडा घ्या. मोबाइलवर वेग ७५ टक्के, पट्टी तीच. पहिल्यांदा गायचं नाही, ठेका मोजायचा : तुकडा कितव्या मात्रेला उठला, श्वास कुठं घेतला. नंतर सरगम लिहा, म्हणा, शेवटी आकार, म्हणजे नुसत्या ‘आ’वर. मुद्रण बंद करून नुसत्या तानपुऱ्यावर आला तरच बसला. सोबत गात राहिलं की त्यांचा सूर आपला बेसूर झाकतो.

शहापूर : भीमसेनांची तान सगळे आधी धरतात, ती शेवटी धरायची. त्यांच्या किराणा घराण्याची कसोटी विलंबितात, म्हणजे संथ लयीत. यमन राग घ्या, एकतालाची पाच-सहा आवर्तनं मंद्र निषाद ते गंधार एवढ्यातच राहा. मुलींनी गंगूबाई हनगलांचा खर्ज (खालचा भरदार आवाज) ऐकून घसा दाबू नये. त्यांचा आवाज टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर बदललेला. घसा खरखरला की त्या दिवशी बंद.

निपाणी : शहापूरच्या ताई, पटलं. कुमारजींच्या बाबतीत फसगत वेगळी. क्षयानं एक फुफ्फुस निकामी झाल्यावर त्यांनी श्वासाचा हिशेबच नव्यानं मांडला, म्हणून ते छोटे तुकडे, तार षड्जाला अचानक स्पर्श, मग शांतता. नकलाकार तुकडे तोडतो आणि त्या गप्प जागेत लय सोडतो. तबला बंद करून ती जागा बोटांवर मोजा. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येता आलं नाही तर तुकडा उचललाच नाही असं समजा.

कित्तूर : मन्सूरांचा उतारवयातला कंप घेऊ नका की! घ्यायचं तर आकारात मात्रेला धरून चालणं. त्यांनी गायलेली वचनं (कन्नड भक्तिरचना) म्हणताना कन्नडमधले ऱ्हस्व ए-ओ मराठी सवयीनं लांबतात आणि शब्द मात्रेवरून सरकतो. आधी कन्नड शेजाऱ्याकडून नुसतं वाचून घ्या.

खानापूर : आमच्याकडच्या पावसात तानपुराच दगा देतो. खुंटी फुगून अडकते. जोर लावला तर तार तुटते. खुंटी किंचित बाहेर ओढून फिरवा. उन्हाळ्यात ती घसरते तेव्हा खडू लावा. पोलादी तारा गाऊन झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसायच्या. जवारीचा (तारेला झंकार देणारा) दोरा केसभरच सरकवा, सुराची उरलेली बारीक जुळवणी तारेवरच्या मण्यानं. मालकंस रागाला पंचमाची तार मध्यमावर लावा, मारवा रागाला निषादावर.